हिरकणीच्या बाळाजवळ कोण होते?

दिवाळीचा किल्ला कितीही ओबडधोबड असो, त्यावर तीन चित्रे हटकून असतात. शिवाजीमहाराज सिंहासनावर असतात, मावळे तटावर असतात, आणि पायथ्याकडून वर जाणाऱ्या वाटेवर डोक्यावर घडा घेतलेली मातीची एक गवळण असते. ही गवळण कोण, असे किल्ला बांधणाऱ्या मुलाला विचारा. बहुतेक वेळा उत्तर येईल : हिरकणी.

गोष्ट सर्वांना पाठ आहे. रायगडाखालच्या वाडीतली एक गवळण रोज गडावर दूध घालायला जाई. एके दिवशी तिला उशीर झाला. दिवस मावळला, दरवाजे मिटले. घरी तान्हे मूल. तिने पहारेकऱ्यांना विनवले. पण हुकूम तो हुकूम. तेव्हा माणूस उतरूच शकणार नाही अशी ज्या कड्याची ख्याती, त्या कड्यावरून ती अंधारात उतरली आणि तिने बाळाला छातीशी घेतले. महाराजांच्या कानी हे गेले, तेव्हा त्यांनी तिला साडीचोळी देऊन गौरविले, आणि त्या जागी बुरूज बांधून त्याला तिचे नाव दिले. ही दंतकथा आहे. इतिहासाचे पुरावे तिच्याकडे मागू नयेत. परंतु दंतकथेचे एक मोल इतिहासाला नसते. समाजाला आपण कसे आहोत असे वाटते, आणि काय पाहायचे राहून गेले आहे, ही दोन्ही तिच्यात एकदम दिसतात.

आणि ही कथा आमच्यात किती मुरली आहे! पाठ्यपुस्तकांतून ती आली, पोवाड्यांतून आली, 2019 च्या दिवाळीच्या तोंडावर प्रसाद ओक यांच्या ‘हिरकणी’ या चित्रपटातून पडद्यावर आली. एस. टी. च्या स्थानकांवर अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी खोली केली, तिला नाव दिले हिरकणी कक्ष. एस. टी. ची निमआराम गाडी, तीही हिरकणी. इतक्या लाडक्या कथेबद्दल तक्रार करणे म्हणजे सणाच्या ताटावर बसून मीठ मोजण्यासारखे आहे, हे मी जाणते. तरी एक टीकाकार म्हणून माझे म्हणणे असे आहे की, आम्ही ही कथा आजवर कड्याच्या बाजूने वाचली; पाळण्याच्या बाजूने ती अजून वाचलीच नाही.

पाहा : या कथेत तीन स्थळे आहेत. दरवाजा, कडा आणि पाळणा. सांगणाऱ्याची सगळी शक्ती कड्यावर खर्च होते. काटे, करवंदीच्या जाळ्या, रक्ताळलेले हात, अंधार, श्वापदे. अद्भुत आणि वत्सल हे दोन रस एकत्र आले की श्रोता भानावर राहत नाही. दरवाजाला दोन ओळी मिळतात. पाळण्याला तर एकच : बाळ रडत होते. या बाळाजवळ दिवसभर कोण होते? काही सांगण्यांत घरी सासू असते. काहींत मूल अगदी एकटे असते. सांगणारा बदलला की पाळण्याजवळचे माणूस बदलते, आणि त्याने कोणाचेच काही अडत नाही. ज्या तपशिलावाचून कथेचे अडत नाही, तो सांगणाऱ्याच्या लेखी क्षुल्लक असतो. या कथेत क्षुल्लक ठरला आहे तो मूल सांभाळण्याचा प्रश्न.

दुसरे असे की, हिरकणी गडावर हौसेने गेली नव्हती. ती दूध विकायला गेली होती. गडाला दूध हवे होते, तिला पैसे हवे होते. ती कामकरी बाई होती; तिचे गिऱ्हाईक वर होते आणि मूल खाली होते. कथा रंगत जाते तसतशी ‘आई’ हा शब्द ‘गवळण’ या शब्दाला गिळून टाकतो. शेवटी उरते ती केवळ माता, आणि मातेला आम्ही नमस्कार करून मोकळे होतो. गवळणीला नमस्कार पुरत नाही. तिला उद्या पुन्हा दूध घेऊन वर जायचे असते.

आता बुरुजाकडे येऊ. कडा उतरता येतो असे कळल्यावर राजाने तिथे तट चढवला, हे राजनीतीला धरूनच झाले. जिथून बाई उतरते तिथून शत्रू चढू शकतो. महाराजांनी गड राखला आणि बाईचा मानही राखला. त्यांच्या काळाकडे याहून अधिक मागणे हा आगाऊपणा होईल. परंतु अर्थ काय झाला तो नीट पाहावा. एका आईला मुलापर्यंत पोचण्याची जी एकच वाट सापडली होती, ती बंद झाली आणि तिथे तिचे नाव लागले. पुढच्या गवळणीला उशीर झाला असता, तर तिच्यासमोर दरवाजा तर बंद असताच, कडाही बंद असता. आपण मात्र बुरुजाशी टाळ्या वाजवून थांबलो ते आजतागायत थांबलोच आहोत. दोष कथेचा नव्हे, तिच्या श्रोत्यांचा आहे.

कोणी म्हणेल, लोककथेकडे असा जमाखर्च मागू नये. एरवी मीही हेच म्हणते. पण ही कथा जुनी झालेली नाही, म्हणून मागते. मी नवी मुंबईत राहते. या शहराचा पनवेल-खारघरकडचा भाग ज्या जिल्ह्यात मोडतो, त्या कुलाबा जिल्ह्याचे नाव 1981 साली रायगड झाले. तेव्हा हिरकणी आमच्याच जिल्ह्याची. आणि हे शहर तर मुळी नव्याने येणाऱ्यांसाठीच कल्पिलेले. मुंबईवर येणारा माणसांचा भार खाडीपलीकडे वळवावा, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1965 साली ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडली. 1970 साली सिडको स्थापन झाली, पंचाण्णव गावांच्या जमिनींवर आखणी झाली, रुंद रस्ते झाले, सेक्टरांना क्रमांक पडले. 8 ऑक्टोबर 2025 रोजी इथल्या विमानतळाचे उद्घाटनही झाले. हे सारे ज्यांनी डोक्यावरून वाहिले, त्यांत घमेली वाहणाऱ्या बायका किती असतील त्याचा हिशेब कोणत्याही कोनशिलेवर नाही.

सकाळी नेरूळ, खारघर, पनवेल यांपैकी कोणत्याही मजूर नाक्यावर जाऊन उभे राहावे. मराठवाड्यातून, सोलापूर-विजापूरच्या सीमेवरून, विदर्भातून आलेली जोडपी तिथे असतात. पुरुषाच्या हातात थापी किंवा फावडे असते. बाईच्या हातात डबा आणि काखेत मूल. ठेकेदार येतो, माणसे पाहतो, दर ठरवतो. काखेत मूल असलेल्या बाईवरून त्याची नजर पुढे सरकते, कारण मूल म्हणजे दिवसातून चार वेळा थांबणारे काम. इथला दरवाजा सूर्यास्ताला मिटत नाही, सकाळी नऊच्या आतच मिटतो. त्यानंतर काम मिळत नाही, आणि तो दिवस खाडा.

नव्याने आलेल्या बाईपुढे मग चार वाटा उरतात. मूल गावी आजीकडे ठेवायचे आणि सणाला पाहायचे. सात-आठ वर्षांच्या थोरलीला घरी ठेवून धाकटे तिच्या ओटीत घालायचे. म्हणजे एकाचा पाळणा आणि दुसरीची शाळा यांची अदलाबदल. शेजारणीला रोजातले काही देऊन सांभाळायला सांगायचे. पण शेजार जमायला वर्ष लागते, आणि भूक पहिल्याच दिवशी लागते. नाहीतर कामावरच न्यायचे, लुगड्याची झोळी दोन खांबांना बांधायची, आणि सिमेंटच्या धुळीत एक डोळा घमेल्यावर, एक झोळीवर ठेवायचा. हा चौथा मार्ग म्हणजे रोजचा कडा. त्यावर कोणी पोवाडा रचत नाही.

कायदा नाही असे नाही. 1948 च्या कारखाने कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असतील तिथे पाळणाघर सांगितले. 1976 साली तो आकडा तिसांवर आला. 1996 च्या बांधकाम मजुरांच्या कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असल्यास सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली असावी, असे म्हटले. आता हे कायदे जाऊन नव्या संहिता आल्या आहेत. त्यांतही पाळणाघर पन्नासच्या आकड्याशीच बांधलेले आहे, इतकेच की मोजणी आता एकट्या स्त्रियांची नव्हे. हा आकडा म्हणजे आजचा दरवाजा. नाक्यावरून बायका उचलल्या जातात त्या दोन इथे, तीन तिथे, आज या ठेकेदाराकडे, उद्या त्या. त्या कुठेच पन्नासांत बसत नाहीत. पहारेकरी आजही नम्रपणे सांगतो की हुकूम तो हुकूम. अंगणवाडी आहे, 2 ऑक्टोबर 1975 पासून एकात्मिक बालविकास योजना चालू आहे, आणि तिने लक्षावधी मुलांच्या तोंडी घास घातला आहे. पण अंगणवाडी काही तासांची आणि मजुरी दिवसभराची. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची ‘पाळणा’ योजना 2022 पासून आली, ही समाधानाची गोष्ट. ती नाक्यापर्यंत पोचायला हवी.

हे सारे मजुरांपुरते आहे असे मानून कोणी निश्चिंत होऊ नये. ऐरोलीच्या काचेच्या इमारतींत कामाला लागलेली नागपूरची किंवा कोल्हापूरची सूनही या शहरात नवखीच असते. तिची सासू गावी, आई गावी. तिने पाळणाघर शोधायचे, नाहीतर बाई ठेवायची. आणि तिच्या बाळाला खेळवणाऱ्या त्या बाईचे स्वतःचे बाळ त्या वेळी कुठे असते? एकाच घराच्या उंबरठ्यावर दोन हिरकण्या रोज सकाळी एकमेकींना भेटतात. एक गडावर निघालेली असते, दुसरी नुकतीच गडावर पोचलेली असते. त्यांचे बोलणे होते ते दुधाच्या बाटलीबद्दल आणि पगाराच्या तारखेबद्दल. दुसरीच्या बाळाचा विषय फार थोड्या घरांत निघतो. या फराळाच्या दिवसांत हा अंक ज्या घरांत वाचला जाईल, त्यांपैकी कित्येक घरांत हा उंबरठा आहे.

मग निराळी गोष्ट नाहीच का? आहे, पण ती कोणी गोष्ट म्हणून सांगत नाही. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. गरिबांची मुले बालवाडीकडे येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी मुलांना बोल लावला नाही; बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली : मूल शाळेत येत नाही, तर शाळा कुरणात. 1969 साली दिल्लीत, गांधी जन्मशताब्दीच्या बांधकामावर मजुरांची मुले धुळीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी तिथेच तंबूत पाळणाघर थाटले. त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली; 1972 पासून मुंबईत, आणि पुढे नवी मुंबईतही, बांधकामाच्या जागीच अशी घरे चालली. इमारत पुरी झाली की पाळणाघर मजुरांबरोबर पुढच्या इमारतीकडे जाते. हिरकणीच्या भाषेत सांगायचे तर या बायांनी पाळणाच गडावर नेला. आई वर आणि मूलही वर. मग दरवाजा कधीही मिटो.

या कर्त्या बायांवर कादंबऱ्या का नाहीत, खंडकाव्ये का नाहीत, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. कारण साधे आहे. इथे कडा नाही. ज्या रात्री काही भयंकर घडत नाही, त्या रात्रीचे वर्णन करणे लेखकाला जड जाते. धोक्याची कथा लिहायला सोपी, सोयीची कथा लिहायला कठीण. आणि वाचकही असा की, आईने सोसले तर त्याचे डोळे भरून येतात. तिला सोसावे लागले नाही तर तो पान उलटतो. ‘श्यामची आई’वर अश्रू ढाळणारा हा महाराष्ट्र आहे, आणि ते अश्रू खरे आहेत, हे मी नाकारत नाही. परंतु आईच्या हालांवर पोसलेले वाङ्मय हळूहळू ते हाल आवश्यक मानू लागते, ही माझी खरी तक्रार आहे. ज्या नारायण सुर्व्यांच्या कवितेवर आपण अभिमान सांगतो, ते तान्हेपणी रस्त्यावर सापडले होते, आणि गंगाराम सुर्वे नावाच्या एका गिरणी कामगाराने त्यांना उचलून घरी नेले. स्वतः पाळीवर जाणाऱ्या माणसांनी दुसऱ्याचे मूल सांभाळले, म्हणून मराठीला तो कवी मिळाला. मूल सांभाळणे हा वाङ्मयाच्या बाहेरचा विषय आहे, असे यानंतर तरी कोणी म्हणू नये.

हिरकणी म्हणजे हिऱ्याची कणी. ती आमची आहे, आणि तिची कथा मुलांना सांगितलीच पाहिजे. कडाही सांगावा, करवंदीची जाळीही सांगावी. फक्त सांगणाऱ्याने बुरुजाशी न थांबता आणखी दोन प्रश्न विचारावेत : त्या दिवशी बाळाजवळ कोण होते, आणि दुसऱ्या दिवशी ती दूध घेऊन वर गेली तेव्हा कोण होते? मुले उत्तरे शोधतील. त्यांना ती सहज सुचतात. कोणी म्हणेल, बाळाला घेऊन जावे. कोणी म्हणेल, दरवाजा उघडावा. कोणी म्हणेल, वर गडावर एक खोली असावी. कायदे करणाऱ्यांना आणि कथा लिहिणाऱ्यांना जे इतकी वर्षे सुचायला जड गेले, ते हेच आहे.