माळरान रिकामं नसतं: एका गाजलेल्या नकाशाबद्दल

पावसाळा लागला की रोप लावतानाचे फोटो तुमच्याही फोनवर येत असतील. २०१७ ते २०१९ या तीन पावसाळ्यांत महाराष्ट्र सरकारचं उद्दिष्ट ५० कोटी झाडांचं होतं. एवढी झाडं लावायची तर जागा कुठली? हाच प्रश्न साऱ्या जगासाठी विचारणारा एक शोधनिबंध जुलै २०१९ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. तो माझ्या विषयाच्या मुळाशी आहे, आणि माझं त्याच्याशी भांडणही आहे.

ज्याँ-फ्रँस्वा बास्तँ आणि सहकाऱ्यांनी संरक्षित क्षेत्रांतली हजारो ठिकाणं उपग्रहचित्रांवर तपासली. तिथलं झाडांचं आच्छादन, पाऊस, तापमान आणि माती यांचा संबंध संगणकाला शिकवला. मग माणसाचा हस्तक्षेप नसता तर कुठे किती झाडं असती, याचा जगाचा नकाशा काढला. शेती, शहरं आणि आजची झाडं वगळून उत्तर आलं: आणखी ९० कोटी हेक्टर आच्छादन, त्यात २०५ अब्ज टन कार्बन.

नकाशाचं श्रेय द्यायलाच हवं. 'जागा आहे का' या गोल गोल चर्चेला त्याने मोजता येईल असं उत्तर दिलं. जिथे जंगल तोडलं गेलंय तिथे त्याचा उपयोगही आहे.

पण गवताळ प्रदेश नुसत्या पावसावर ठरत नाहीत. चराई आणि वणवे यांच्यामुळेही ते मोकळे राहतात. मॉडेलला तिथे झाडांची 'कमतरता' दिसते. त्यातही, झाडं नसलेल्या जमिनीच्या मातीत जणू कार्बनच नाही असा हिशेब धरला होता. खरं तर गवताची बरीचशी कमाई मुळांत आणि मातीतच असते. जोसेफ वेल्डमन आणि इतर शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी दाखवून दिलं की आकडा साधारण पाचपट फुगलाय. 'हवामान बदलावरचा सर्वांत परिणामकारक उपाय' हा दावा मूळ लेखकांनी २०२० मध्ये सौम्य केला.

आकडा दुरुस्त झाला, पण माझा आक्षेप तिथे संपत नाही. समजा कार्बनचं गणित अगदी बरोबर आलं, तरी नकाशाने एकच उद्दिष्ट मोजलंय. सोलापूरकडच्या माळावर कुसळी गवत आहे, लांडगा आहे, काळवीट आहे. माळढोक तर तिथून जवळजवळ संपलाच. या सगळ्यांना मोकळी जमीन लागते. तिथे गिरिपुष्पाची दाट लागवड केली तर कार्बनच्या रकान्यात कदाचित जमा होईल, पण बाकीच्या रकान्यांत खर्च पडेल. आणि ते रकाने नकाशात नाहीतच.

फील्डवर्कमध्ये एक मेंढपाळ मामा मला म्हणाले, "ताई, झाडं वाईट न्हाईत. पण समदीकडनं चर मारल्यावर मेंढरं घालायची कुठं?" आमच्या शास्त्रात याला 'उद्दिष्टांमधली तडजोड' म्हणतात. मामांसाठी तो रोजच्या चाऱ्याचा प्रश्न आहे.

"पण हे माळ म्हणजे उजाडलेलं जंगलच ना?" असं तुम्ही विचाराल. २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी जुन्या मराठी साहित्यातले वनस्पतींचे उल्लेख तपासले. त्यातल्या निम्म्याहून जास्त वनस्पती माळरानाच्या निघाल्या. म्हणजे पश्चिम महाराष्ट्राचा हा पट्टा निदान साडेसातशे वर्षं तरी असाच मोकळा आहे.

म्हणून मला वाटतं, समतोल प्रत्येक हेक्टरवर साधायचा नसतो. सह्याद्रीच्या तुटलेल्या रानात तिथलीच झाडं परत येऊ द्यावीत. माळावर गवत राखावं, चराईची वेळ आणि प्रमाण मेंढपाळांसोबत बसून ठरवावं.

तर पुढच्या वेळी 'पडीक जमिनीवर लाखो झाडं' अशी बातमी आली की दोन गोष्टी विचारा: तिथे आधी काय होतं, आणि कुणाची वाट बंद झाली?