सेराफियान गालिचे : स्वाक्षरी आणि कर्तृत्व

इराणमधील इस्फाहान येथील सेराफियान घराण्याचे हाताने विणलेले गालिचे विसाव्या शतकातील पर्शियन गालिचाकलेचा मानदंड समजले जातात. प्रस्तुत टिपणात या गालिच्यांचे कलामूल्य आणि त्यांवरील स्वाक्षरीचा अर्थ यांचा विचार केला आहे.

घराण्याचे मूळ पुरुष हाजी आगा रझा सेराफियान (1881–1975) हे सराफी व्यवसायातील. 1939 च्या सुमारास त्यांनी गालिचे तयार करवून घेण्यास आरंभ केला. पुढे त्यांचे सातही पुत्र याच व्यवसायात आले.

या गालिच्यांचे सौंदर्य प्रामुख्याने वक्ररेषेत आहे. मध्यभागी ‘तुरंज’ म्हणजे पदक, कोपऱ्यांत त्याला जुळणारी नक्षी आणि भोवती वळणदार वेली, अशी त्यांची परिचित रचना असते. गालिच्यातील प्रत्येक वळण वस्तुतः गाठींच्या पायऱ्यांनी बनते. गाठी जितक्या बारीक, तितक्या पायऱ्या अदृश्य. रेशमी ताणा बारीक असूनही बळकट असल्याने गाठी दाट बसतात. चौरस सेंटीमीटरला 100 गाठी धरल्या, तर एका चौरस मीटरला 10 लाख गाठी होतात. अशा अचूकतेत नक्षी निर्जीव होण्याचा धोका असतो. उत्तम सेराफियान गालिच्यात मात्र वेलींमधील मोकळी जमीन नक्षीला श्वास घेऊ देते.

परंतु या लक्षावधी गाठी कोणी मारल्या? गालिच्यावर घराण्याचे नाव विणलेले असते. आराखडा काढणारा चित्रकार आणि मागावर बसणारे विणकर बहुधा अनामिक राहतात. हा प्रश्न जुनाच आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील अर्दबील गालिच्यावर हिजरी 946 (इ. स. 1539–40) हे वर्ष आणि मकसूद काशानी हे नाव आहे. परंतु सुमारे साडेदहा मीटर लांबीचे हे काम एकट्याचे असणे संभवत नाही.

आपल्याकडे संगीतात घराण्याबरोबर गायकाचेही नाव घेतले जाते. येथे घराणे उरते, विणकर उरत नाही. सेराफियानांची दृष्टी, निवड आणि गुणवत्तेचा आग्रह यांचे श्रेय निर्विवाद त्यांचेच. तथापि, स्वाक्षरी ही विणकराची नव्हे, निर्मात्याची आहे. म्हणून वर्णनसूचींत ‘सेराफियान यांनी विणलेला’ याऐवजी ‘सेराफियान यांनी विणवून घेतलेला’ असे लिहिणे अधिक न्याय्य ठरेल. त्याने कलाकृतीचे मोल घटत नाही; मागावरील अनाम हातांची जागा मात्र रिकामी का होईना, दिसू लागते.