सुराध्यक्ष आणि नगरसभा : एका तुलनेची परीक्षा

श्री. शामशास्त्री यांनीं म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयांतील पोथीवरून कौटिलीय अर्थशास्त्राची संहिता १९०९ सालीं प्रसिद्ध केली. तेव्हांपासून त्या ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणांतील पंचविसावा अध्याय, म्हणजे सुराध्यक्षाचें प्रकरण, तुलनाप्रिय लेखकांस फार आवडूं लागलें आहे. दारूचें दुकान कोठें असावें, तें कोणीं चालवावें, गिऱ्हाइकास किती द्यावें, हें सारें आमच्या पूर्वजांनीं आधींच ठरविलें होतें. आजच्या परवान्यांत नवें असें कांहीं नाहीं, असा ह्या तुलनेचा नेहमींचा निष्कर्ष असतो. तो आम्हांस मान्य नाहीं. साम्य आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. पण भेद जेथें आहे तेंच स्थळ महत्त्वाचें असून, त्याचा संबंध जुने कागद जमविणाऱ्या मंडळीशीं फार जवळचा आहे.

तुलनेसाठीं इंग्लंड व वेल्स येथील पद्धति घेणें सोयीचें आहे. कारण नव्या पबला परवाना द्यावा कीं नाहीं, हें तेथें प्रत्यक्ष स्थानिक कौन्सिलच ठरवितें. २००३ च्या कायद्यानें हा अधिकार मॅजिस्ट्रेटांकडून काढून कौन्सिलांकडे दिला व २४ नोव्हेंबर २००५ पासून तो पूर्णपणें अमलांत आला. अर्जदारास आपल्या जागेच्या दर्शनीं भागीं फिकट निळ्या कागदावरील सूचना अठ्ठावीस दिवस लावून ठेवावी लागते. त्या मुदतींत पोलिसांनीं किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं सबळ हरकत घेतली, तर कौन्सिलच्या तीन सभासदांची उपसमिति उभय पक्षांचें म्हणणें ऐकून निर्णय देते. निर्णय न रुचल्यास अर्जदाराप्रमाणेंच हरकतदारासही मॅजिस्ट्रेटाकडे अपील करतां येतें. हरकत मात्र चारच कारणांवर उभी राहूं शकते : गुन्हे व बेबंदशाही यांस आळा, सार्वजनिक सुरक्षितता, लोकांस होणाऱ्या उपद्रवाचें निवारण, आणि मुलांचें संरक्षण.

आतां कौटिल्याकडे वळूं. नेमलेल्या ठिकाणांवांचून दारू करणाऱ्या व विकणाऱ्या माणसास तो सहाशें पण दंड सांगतो. दुकानें एकमेकांस लागून असूं नयेत असें त्याचें मत आहे. इंग्लंडांत एकाच वस्तींत मद्यगृहांची गर्दी झाल्यास तिच्या एकत्रित परिणामाचा विचार करण्याच्या कौन्सिलच्या धोरणास २०१८ सालीं कायद्याचा स्पष्ट आधार मिळाला. ती कल्पना ह्याच जातीची आहे. उत्सव, समाज व यात्रा यांसाठीं कौटिल्य चार दिवसांची मोकळीक देतो. इंग्रजी कायद्यांतही तात्पुरत्या समारंभासाठीं सात दिवसांपर्यंत, केवळ सूचना देऊन, मद्यविक्री करतां येते. मत्त झालेल्या गिऱ्हाइकाचा दागिना पानागारांत गेला, तर त्याची भरपाई व तितकाच दंड दुकानदारावर बसतो. एवढें वाचून कोणासही तुलनेचा मोह पडावा हें स्वाभाविक आहे.

परंतु ह्या अध्यायांत वावरणारीं माणसें कोण, तें मोजून पाहावें. अध्यक्ष आहे, विक्रेता आहे, पिणारा आहे, किण्वाचें काम करणाऱ्या स्त्रिया व मुलें आहेत, आणि कोण किती खर्च करतो व कोण परका आला हें टिपणारे गूढपुरुष आहेत. पानागाराच्या भिंतीला भिंत लावून राहणारा गृहस्थ मात्र कोठेंच नाहीं. दुकानें जवळजवळ नसावींत ह्याचीं जीं कारणें दिलीं आहेत, त्यांत कामकऱ्यांचा प्रमाद आहे, आर्यांचा मर्यादाभंग आहे, साहसी पुरुषांचें भय आहे. शेजाऱ्याच्या झोंपेचा विचार त्यांत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, मौनावरून निष्कर्ष काढणें योग्य नव्हे. शेजारी ही संस्थाच कदाचित् ग्रंथकाराच्या दृष्टीसमोर नसेल. ह्या आक्षेपास ग्रंथच उत्तर देतो. तिसऱ्या अधिकरणाच्या नवव्या अध्यायांत वास्तुविक्रयाचें विवेचन आहे. तेथें घर विकावयाचें झाल्यास शेजारच्या चाळीस कुळांसमक्ष, त्याच घरापुढें, विक्रीचा पुकारा करावा असें सांगितलें आहे, आणि गांवांच्या सीमेचा तंटा शेजारच्या गांवांनीं तोडावा असेंही आहे. म्हणजे कौटिल्यास शेजारी चांगला ठाऊक आहे. घराच्या दारांत पुकारा, ही निळ्या सूचनेची जुनी बहीणच होय. जमिनीच्या बाबतींत ज्यास तो साक्षीला बोलावितो, त्यासच दारूच्या बाबतींत बोलावीत नाहीं. हें मौन अज्ञानाचें नसून निवडीचें आहे. सुराध्यक्षाचें प्रकरण कोश व पाळत ह्या दोन दृष्टींनीं लिहिलें आहे. त्यास लोकसंमतीच्या परवान्याचें मूळ म्हणणें म्हणजे ग्रंथाच्या तोंडीं त्यानें न उच्चारलेलें वाक्य घालणें होय.

इंग्रजी पद्धतीची भलावण करण्याचा आमचा हेतु नाहीं. तेथेंही शेजाऱ्याचा आवाज सरळ वाढत गेला असें नाहीं. १५५२ च्या कायद्यानें दोन न्यायाधीशांपुढें जामीन देऊन मद्यगृह चालविण्याची रीत घातली. १८३० च्या कायद्यानें दोन गिनी भरणाऱ्या कोणाही करदात्यास न्यायाधीशांस न विचारतां बिअर विकण्याची मुभा दिली, आणि १८६९ सालीं तें बंधन पुन्हां घालावें लागलें. आजही योग्य रीतीनें केलेल्या अर्जावर हरकतच आली नाहीं, तर परवाना देणें कौन्सिलला भागच असतें. ‘आमच्या पेठेंत अशीं गृहें पुरेशीं आहेत, आणखी गरज नाहीं’ एवढेंच म्हणणाऱ्याची हरकत टिकत नाहीं. कान उघडा आहे, पण त्याचें द्वार अरुंद आहे.

आमच्या महाराष्ट्रांत गोष्ट तिसरीच आहे. येथें परवाना नगरसभा देत नाहीं. तें काम जिल्हाधिकारी व राज्य उत्पादन शुल्क विभाग यांचें, आणि तेंही १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालीं. परंतु २००८ च्या आदेशान्वयें गांवांतील अथवा प्रभागांतील एकचतुर्थांश स्त्री-मतदारांनीं मागणी केल्यास चालू दुकानाविषयीं मतदान घेतां येतें. उभी बाटली व आडवी बाटली अशीं त्याचीं चिन्हें सर्वपरिचित आहेत. एकूण मतदारांपैकीं निम्म्याहून अधिक मतें आडव्या बाटलीस पडलीं तर दुकान बंद होतें. केवळ झालेल्या मतदानाचें बहुमत पुरत नाहीं. इंग्लंडांतील शेजारी दुकान उघडण्यापूर्वीं बोलतो. येथील स्त्री तें उघडून घर पोळल्यावर बोलते, पण तिचें बोलणें चार कारणांत कोंडलेलें नसतें. सुराध्यक्षाच्या अध्यायांत स्त्री किण्व कालवितांना दिसते. येथें ती निकाल देते. हा भेद पुसून टाकणारी तुलना विद्वत्तेची नव्हे.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. अबकारीचे मक्ते, लिलांव व वसुली यांचे कागद दप्तरांत टिकतात, कारण त्यांत सरकारचा पैसा गुंतलेला असतो. इंग्लंडांतील अठराव्या शतकाच्या मद्यगृहनोंदींतही परवानेदार व जामीन यांचीं नांवें मिळतात. तोंडी विरोध करून घरीं परतलेल्या शेजाऱ्यास त्या नोंदींत जागा नाहीं. परवाना हा व्यवहाराचा अर्धा कागद. हरकत हा दुसरा अर्धा. ग्रामसभेचा ठराव, अंगठे उठविलेला बायकांचा अर्ज, मतमोजणीचा तक्ता, हे कागद आज आपल्या डोळ्यांदेखत निर्माण होत आहेत, आणि त्यांचा भाव रद्दीपलीकडे कोणी धरीत नाहीं. मंडळाच्या सभासदांनीं सनदांच्या शेजारीं त्यांसही रुमालांत जागा द्यावी. एरव्हीं दोनशें वर्षांनीं कोणी संशोधक आमच्या काळाचा इतिहास लिहावयास बसेल, तेव्हां त्याच्यापुढें पुन्हां एक सुराध्यक्षच उभा राहील, आणि आमच्या गांवांत शेजारी नव्हतेच असें तो प्रामाणिकपणें लिहून जाईल.