‘निष्ठा’ आणि ‘इमान’ : पर्यायतेचा एक प्रश्न

समानार्थी शब्दांच्या यादीत ‘निष्ठा’, ‘इमान’ व ‘वफादारी’ हे शब्द एका ओळीत दिलेले आढळतात. जुन्या पत्रांतील वा बखरींतील ‘इमान’ या शब्दाचा अर्थ देताना ‘निष्ठा’ हा शब्द योजण्याची रीतही यातूनच पडली आहे. ती कितपत ग्राह्य आहे, हे येथे पाहावयाचे आहे.

‘निष्ठा’ हा शब्द ‘नि’ उपसर्ग व ‘स्था’ धातू यांपासून झाला. दृढपणे स्थिर होणे हा त्याचा मूलार्थ होय. संस्कृतात त्याला ‘शेवट, परिपूर्ती’ असाही अर्थ आहे. पाणिनीने ‘क्त’ व ‘क्तवतु’ या प्रत्ययांना ‘निष्ठा’ ही संज्ञा दिली आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात ज्ञान व कर्म या मार्गांसंबंधी हाच शब्द येतो. धनी व चाकर यांचा संबंध यांपैकी कोठेही अभिप्रेत नाही.

‘इमान’ हा शब्द मुळात अरबी असून तो फारसीच्या द्वारे मराठीत आला. अरबीत त्याचा अर्थ धर्मश्रद्धा असा आहे. ‘अमानत’ व ‘अमीन’ हे शब्द त्याच धातूचे. मराठीने त्यातील धर्माचा भाग वगळला आणि विश्वास तेवढा ठेवला. ‘वफा’ या अरबी शब्दात दिलेले वचन पुरे करण्याचा भाव आहे. फारसी ‘नमकहलाल’ची कल्पना तर मराठीने ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ अशी आपलीशी केली.

हा भेद केवळ व्युत्पत्तीचा नाही, प्रयोगाचाही आहे. निष्ठा तत्त्वा‘वर’ असते, इमान धन्या‘शी’ राखावयाचे असते. पहिल्यात आधार आहे, दुसऱ्यात देवघेव आहे. म्हणूनच निष्ठा ढळते, इमान विकले जाते. कुत्र्याला आपण ‘इमानी’ म्हणतो, ‘निष्ठावंत’ म्हणत नाही. उलट वारकरी ‘निष्ठावंत’ असतो, त्याला कोणी ‘इमानी’ म्हणणार नाही.

यावर असा आक्षेप घेता येईल की, ‘पक्षाशी एकनिष्ठ’ या प्रयोगात ‘शी’ आहेच. शिवाय ‘निष्ठा विकली’ असेही आज म्हटले जाते. आक्षेप खरा आहे. परंतु त्यावरून दोन्ही शब्द मूळचे एकार्थी ठरत नाहीत. ‘इमान’ मागे पडत गेले, तसा त्याचा व्यवहार ‘निष्ठे’ने उचलला, एवढेच त्यावरून संभवते. ‘स्वामिनिष्ठा’ या समासात हे मीलन स्पष्ट दिसते.

सारांश, भाषाशुद्धीच्या दृष्टीने ‘इमान’ काढून तेथे ‘निष्ठा’ बसविणे सोपे आहे. पण तसे करताना मिठाचे ऋण मानणारा शिपाई तत्त्वाला वाहून घेतलेला साधक बनतो. शिपायाने राखले ते इमान होते. त्याचे मोल कमी नाही, ते निराळे आहे. आणि ते निराळेपण जपणे हे कोशकाराचे व संपादकाचे कर्तव्य आहे.