सोन्यावरील एकरेणवीय थर आणि आयनबंधनाचा पुरावा : एक चिकित्सा

डायसल्फाइडचे रेणू सोन्याच्या पृष्ठभागावर आपोआप शिस्तीने मांडले जातात, हे नुझो व अलारा यांनी १९८३ मध्ये दाखविले. १९८८ मध्ये रुबिनस्टाइन व सहकाऱ्यांनी अशा थरात आयन ओळखणारा रेणू गुंफला. या दुसऱ्या कार्याची तर्करचना आजही अभ्यसनीय आहे. लांब साखळीचे थायॉल सोने झाकून टाकते. मधूनमधून बसविलेला ग्राही रेणू तांब्याच्या आयनाला धरतो, फेरिक आयनाला दाद देत नाही. तांबे स्वतःच इलेक्ट्रॉन स्वीकारत असल्याने मोजलेला प्रवाह हाच बंधनाचा साक्षीदार ठरतो.

सोडियम, पोटॅशियम हे आयन मात्र जलीय द्रावणात असे बोलत नाहीत. त्यांच्यासाठी नेदरलँड्समधील राइनहाउट यांच्या गटाने १९९८ मध्ये क्राउन ईथरच्या थरावर रुथेनियम-अमाइन संकुलाचा प्रोब वापरला. थरात धन आयन अडकला की पृष्ठभाग धनप्रभारित होतो, धनप्रभारित प्रोब दूर लोटला जातो आणि प्रभार-संक्रमण रोध वाढतो. युक्ती सुंदर आहे. परंतु ही साक्ष प्रत्यक्षदर्शीची नव्हे. थरातील छिद्रे बुजली, साखळ्या कलल्या, काही थायॉल निसटले, तरीही तोच आकडा हलतो. फेरिसायनाइडसारखा ऋण प्रोब वापरून रोध घटतो का, हे पाहणे ही येथील उलटतपासणी होय. दोन्ही प्रोबांचा रोध एकाच दिशेने सरकला, तर केवळ पृष्ठप्रभाराने त्याचा उलगडा होत नाही. थराची रचनाच बदलल्याचा संशय घ्यावा लागतो. (महाविद्यालयीन प्रयोगशाळेत इम्पीडन्स यंत्र असेलच असे नाही; ही तपासणी चक्रीय व्होल्टमापनानेही करता येते.)

अधिक गंभीर आक्षेप लँगम्यूर समीकरणाविषयी आहे. बंधनस्थाने परस्परांवर परिणाम करीत नाहीत, हे त्याचे गृहीतक. येथे तर संकेतच मुळी प्रभारांच्या अपकर्षणातून जन्मतो! जो प्रभार प्रोबला लोटतो, तोच पुढच्या आयनालाही लोटणार. शिवाय १५-क्राउन-५ चे शेजारी वलय मिळून पोटॅशियमला दोन्ही बाजूंनी कवटाळू शकतात. तेव्हा ‘एक स्थान, एक आयन’ हा हिशेबही चुकतो. वक्र बिंदूंतून नेटका गेला, एवढ्यावरून त्यातून काढलेला स्थिरांक रेणूचा गुणधर्म ठरत नाही. थराची घनता आणि पार्श्वभूमीच्या क्षाराची संहती त्यासोबत नोंदविलेली नसेल, तर दोन प्रयोगशाळांतील स्थिरांकांची तुलना करण्यास आधार उरत नाही.