भाव कोण ठरवितो? : 'माक्स हावेलार' वाचून

नेदरलँड्समध्ये नर्सची नोकरी करीत असता, डच भाषा पक्की व्हावी म्हणून आम्ही मुल्तातुलीची १८६० सालची 'माक्स हावेलार' ही कादंबरी वाचली; निवृत्त झाल्यावर पुन्हा वाचली. तिच्यातील कॉफीचा दलाल ड्रोखस्टॉपल आपल्या भरभराटीला देवाची कृपा म्हणतो, आणि जावाच्या लोकांनी राबावे ही ईश्वरेच्छा, असे त्याचा पाद्री सांगतो. तिकडे कॉफीचा भाव डच सरकारच ठरवी, आणि शेतकऱ्याची म्हैस देशी सरदार ओढून नेई. हे ढोंग लेखकाने चांगले उघडे पाडले आहे.

पण एक उणीव खटकते. हे शेतकरी मुसलमान. त्यांच्या धर्मात या प्रश्नाचा पुष्कळ खल झालेला आहे. मदिनेत महागाई झाली तेव्हा पैगंबरांनी भाव बांधून देण्यास नकार दिला. भाव ठरविणारा अल्लाह, कोणावर अन्याय केल्याचा ठपका आपल्यावर नको, असे ते म्हणाले. पुढे दमास्कसच्या इब्न तैमिया (मृत्यू १३२८) यांनी फोड केली : माल घटला वा गिऱ्हाईक वाढले तर ती देवाची करणी, साठेबाजीने भाव चढला तर दोष माणसाचा, आणि तेथे राज्यकर्त्याने हात घालावा. कादंबरीतला शेतकरी रडतो. हा सवाल मात्र त्याच्या तोंडी येत नाही.

१९८८ साली याच कादंबरीच्या नावाने येथे रास्त भावाच्या कॉफीचे चिन्ह निघाले. आपण तर शनवार तेल्यांचे वंशज. शब्बाथ पाळून उरलेले सहा दिवस मापात मारले, तर तो दोष देवावर कसा ढकलावा?