छायाचित्रणातील क्षेत्रखोली : तांत्रिक नियम आणि दृष्टीचा निर्णय

प्रस्तावना

छायाचित्रणाच्या प्राथमिक अध्यापनात ‘डेप्थ ऑफ फील्ड’ अर्थात क्षेत्रखोली ही संकल्पना बहुधा एकाच सूत्रात सांगितली जाते : छिद्राचा अंक लहान असेल तर पार्श्वभूमी धूसर होते आणि अंक मोठा असेल तर सर्व काही स्पष्ट दिसते. हे सूत्र चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. धूसर पार्श्वभूमी म्हणजे कलात्मकता आणि सर्वत्र स्पष्टता म्हणजे वास्तवदर्शन, असा समज त्यातून नकळत रूढ होतो. नवशिक्या विद्यार्थ्याच्या छायाचित्रणावर आणि पुढे त्याच्या रसग्रहणावरही हा समज परिणाम करतो. या समजाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संकल्पनेचे स्वरूप

भिंग एका वेळी एकाच अंतरावरील प्रतल काटेकोरपणे स्पष्ट करू शकते. त्या प्रतलाच्या पुढील व मागील वस्तूंचा प्रत्येक बिंदू प्रतिमेत बिंदू न राहता लहानशी चकती बनतो. ही चकती जोवर डोळ्यास बिंदूसारखीच भासते, तोवर ती वस्तू स्पष्ट आहे असे मानले जाते. असे मानता येईल तेवढा अंतराचा पट्टा म्हणजे क्षेत्रखोली होय.

छिद्राचा अंक हे एक गुणोत्तर आहे. भिंगाच्या नाभीय अंतरास छिद्राच्या व्यासाने भागले असता तो मिळतो. ५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाचे छिद्र एफ/२ वर २५ मिलिमीटर, तर एफ/१६ वर सुमारे ३ मिलिमीटर असते. अंक वाढला असता छिद्र लहान का होते, याचा उलगडा येथे होतो. ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यात या भिंगाने ३ मीटर अंतरावरील व्यक्तीवर फोकस केला आणि चकतीची मर्यादा ०.०३ मिलिमीटर धरली, तर एफ/२ वर स्पष्टतेचा पट्टा साधारण २.८ ते ३.२ मीटर एवढाच राहतो. एफ/१६ वर तो साधारण १.९ ते ६.९ मीटरपर्यंत विस्तारतो. छायाचित्रकार वस्तूच्या जवळ गेला किंवा त्याने त्याच जागेवरून अधिक नाभीय अंतराचे भिंग वापरले, तर हा पट्टा आकसतो.

मात्र ही मर्यादा निसर्गात आखलेली नाही. त्याच निगेटिव्हवरून भिंतीएवढे मोठे चित्र काढून ते जवळून पाहिले, तर पूर्वी स्पष्ट वाटलेला भाग धूसर दिसू लागतो. म्हणजेच क्षेत्रखोली ही भिंगाची गणिती बाब असली तरी तिची सीमा पाहणाऱ्याच्या डोळ्याशी केलेल्या करारावर ठरते. प्राथमिक पाठात नेमका हाच मुद्दा सहसा वगळला जातो. समीक्षेचा प्रारंभ मात्र येथूनच होतो.

सत्याचे दोन दावे

पीटर हेन्री इमर्सन यांनी १८८९ मध्ये ‘नॅचरलिस्टिक फोटोग्राफी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. मानवी डोळा संपूर्ण दृश्य सारख्याच स्पष्टतेने पाहत नाही. म्हणून छायाचित्रातही मुख्य विषय स्पष्ट व इतर भाग किंचित मृदू असावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. येथे धूसरता ही निसर्गाशी इमान राखण्याची खूण ठरते.

१९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात ॲन्सल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आदींनी स्थापन केलेल्या गटाने नेमकी उलट भूमिका घेतली. मोठ्या आकाराच्या कॅमेऱ्यावरील अतिसूक्ष्म छिद्राच्या अंकावरून या गटाने ‘एफ/६४’ हे नाव धारण केले. चित्रकलेचे अनुकरण करणारी मृदू छायाचित्रे त्यांना कृत्रिम वाटत होती. सर्वत्र स्पष्टता हाच त्यांच्या दृष्टीने माध्यमाचा प्रामाणिकपणा होता. हा अंक लहान कॅमेऱ्यावर जसाच्या तसा वापरला, तर विवर्तनामुळे संपूर्ण प्रतिमाच मृदू होते, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे. अंकाची केवळ नक्कल केल्याने दृष्टी साध्य होत नाही.

एकाच भौतिक तत्त्वाच्या आधारे दोन परस्परविरोधी बाजू सत्याचा दावा करतात, तेव्हा सत्य त्या तत्त्वात नसून निवडीत आहे, असा निष्कर्ष काढणे भाग पडते.

‘सिटिझन केन’ची साक्ष

चित्रपटाची प्रत्येक चौकट हेही एक छायाचित्रच असते. त्यामुळे या प्रश्नाची सर्वाधिक गाजलेली चर्चा चित्रपटसमीक्षेत झाली, हे स्वाभाविक आहे. ऑर्सन वेल्स यांच्या ‘सिटिझन केन’ (१९४१) या चित्रपटात छायालेखक ग्रेग टोलंड यांनी विस्तृतकोनी भिंगे, अधिक संवेदनक्षम फिल्म आणि प्रखर प्रकाशयोजना यांच्या साहाय्याने अग्रभूमी व पार्श्वभूमी एकाच वेळी स्पष्ट ठेवली. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ यांनी या शैलीचे महत्त्व विशद केले. त्यांच्या मते अशा दृश्यात काय पाहायचे हे प्रेक्षक स्वतः ठरवतो आणि वास्तवातील संदिग्धता अबाधित राहते.

या मतास दोन ठिकाणी मर्यादा पडते. सुझनच्या आत्महत्येच्या प्रयत्नाच्या दृश्यात समोर पेला, मध्ये अंथरुणावर सुझन आणि मागे दरवाजा दिसतो. बाझँ यांच्या विवेचनातील हे एक प्रमुख उदाहरण आहे. प्रत्यक्षात हे दृश्य एका प्रकाशनात टिपलेले नाही. अग्रभूमी व पार्श्वभूमी स्वतंत्रपणे, फिल्म मागे गुंडाळून, दोनदा चित्रित केली गेली. ज्या अखंड अवकाशाचा बाझँ गौरव करतात, तो तेथे जोडून तयार केलेला आहे.

दुसरे उदाहरण केनच्या बालपणाचे. घरात टेबलाशी आई कागदपत्रांवर सही करते, वडील मध्ये उभे राहून विरोध करतात आणि खिडकीबाहेर बर्फात लहानगा चार्ल्स खेळत असतो. सर्व काही स्पष्ट आहे. तरीही प्रेक्षक पूर्णतः मुक्त नाही. खिडकीची चौकट त्याची नजर त्या मुलाकडे वारंवार नेते. ज्याच्या आयुष्याचा निर्णय होत आहे तोच त्या निर्णयाबाहेर, काचेपलीकडे आहे, हा अर्थ स्पष्टतेतून नव्हे, तर रचनेतून निर्माण होतो. पार्श्वभूमी धूसर केली असती तर हा अर्थ हरवला असता. केवळ ती स्पष्ट ठेवल्याने मात्र तो आपोआप प्राप्त झाला नसता.

समारोप

बाझँ यांचे प्रेक्षकाच्या अनुभवाविषयीचे निरीक्षण आजही मोलाचे आहे. परंतु स्पष्टतेस वास्तवाची हमी मानणे ग्राह्य ठरत नाही. २०१६ मध्ये आयफोन ७ प्लसमध्ये ‘पोर्ट्रेट मोड’ आल्यानंतर भ्रमणध्वनीतील गणनेने निर्माण केलेली धूसरता सर्वपरिचित झाली. लहान संवेदकामुळे जी क्षेत्रखोली मुळात विस्तृत असते, ती तेथे गणनेने उथळ भासवली जाते. धूसरता एका स्पर्शावर उपलब्ध झाल्याने ‘पार्श्वभूमी कशी धूसर करावी’ हा प्रश्न गौण ठरला आहे. विषयामागील घर, रस्ता, माणसे त्या विषयाच्या अर्थाचा भाग आहेत की नाहीत, हा प्रश्न मात्र कोणतेही यंत्र सोडवू शकत नाही. नवशिक्या विद्यार्थ्यास छिद्राचे अंक शिकवावेतच. परंतु प्रत्येक छायाचित्रासमोर त्याला प्रथम हा प्रश्न विचारावा. क्षेत्रखोलीचे खरे अध्यापन तेथून सुरू होते.